कर्ज काढून लॅपटॉप? आधी हार्ड डिस्क बदला

प्रश्न : मी दिग्रस तालुक्यातला शेतकरी. मुलगी बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वेब डेव्हलपमेंट शिकते. नातेवाइकाने दिलेला ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप सारखा अडकतो म्हणते. नवा ६० हजारांचा सांगते. कापूस अजून घरातच आहे. पतसंस्थेचं कर्ज काढू का?

उत्तर : भाऊ, काढू नका. निदान यंदा तरी नाही. पण पोरगी उगाच हट्ट करते असंही समजू नका. तिचं मशीन खरंच अडकत असणार. पुढचं तिलाच वाचायला द्या.

बेटा, क्रोममध्ये व्हिडिओ, सोबत दहा टॅब आणि वर व्हीएस कोड (कोड लिहायचा प्रोग्राम), असंच चालतं ना? व्हीएस कोड इलेक्ट्रॉन नावाच्या साच्यावर बांधलेला आहे, म्हणजे त्याच्या पोटात क्रोमियम, म्हणजे क्रोमचाच गाभा, असतोच. ४ जीबीत दोन-दोन ब्राउझर कसे मावतील? क्रोममध्ये शिफ्ट-एस्केप दाब, कोणता टॅब किती मेमरी खातो ते दिसेल. व्हिडिओ मोबाइलवर बघ, कोड नोटपॅड प्लस प्लस या हलक्या एडिटरमध्ये लिही. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्टला एवढं भरपूर झालं. फाइल सेव्ह करायची, ब्राउझरमध्ये उघडायची, चूक एफ-१२ दाबून उघडणाऱ्या खिडकीत शोधायची. नेटही लागत नाही. बाबांच्या कापसाच्या हिशेबपट्टीचंच पान कर : क्विंटल, भाव, त्यातून हमाली-तोलाई वजा, आणि नोंदी लोकल स्टोरेजमध्ये (ब्राउझरच्या स्वतःच्या साठवणीत), म्हणजे लाइन गेली तरी पुसल्या जाणार नाहीत. (कोड मात्र कंट्रोल-एस दाबून सेव्ह करत जा.) झालं की गिटहब पेजेसवर, म्हणजे वेबपानं ठेवायच्या साइटवर, फुकट चढव. मुलाखतीत दाखवायला प्रमाणपत्रापेक्षा ते पान बरं.

रिअ‍ॅक्टला (वेबपानं बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) लागलीस की खरी अडचण येईल. एका छोट्या प्रोजेक्टसाठीही नोड मॉड्यूल्स या फोल्डरमध्ये हजारो बारीक फाइली उतरतात, आणि फिरत्या हार्ड डिस्कला त्या एकेक शोधत बसावं लागतं. तिथे एसएसडीने, म्हणजे न फिरणाऱ्या वेगवान डिस्कने, जो फरक पडतो तो नव्या प्रोसेसरने पडणार नाही.

म्हणून भाऊ, खर्च करायचाच तर एसएसडीवर करा, आणि जागा असेल तर ८ जीबी रॅमवर. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच जोडलेली असते, ती वाढत नाही. दुकानदाराला मॉडेल दाखवून आधी विचारा. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि जुन्या मशीनवर बहुतेक वेळा विंडोज ११ नियमाने चढत नाही. म्हणून तिने लिनक्स मिंटची (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टीम) एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती पेनड्राइव्हवरून चालवून बघावी, काही न पुसता बघता येते. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला विंडोजच लागतं का, ते मात्र सरांना विचारून घ्या.

अँड्रॉइड अ‍ॅप करायचं ठरलं तर गोष्ट वेगळी. त्यासाठी लागणारा अँड्रॉइड स्टुडिओ हा प्रोग्राम किमान ८ जीबी रॅम मागतो, प्रत्यक्षात १६ लागतात. तेव्हा नव्या लॅपटॉपचं बघू, तेही कापूस विकल्यावर. आणि डिस्क बदलायला देण्याआधी तिच्या नोट्स-फोटोंची कॉपी काढून ठेवा, दुकानात ते कोणी विचारत नाही.