तांडेलकाकांना विचारा

प्रश्न : काका, माझी छोटी फायबर होडी आंजर्ले खाडीत असते. हर्णैहून परतताना मुखाशी कधी शिरावं? आणि समोरून मोठी बोट आली तर कोणी बाजू द्यायची?

उत्तर : अर्धी भरती चढली की शिरा. तिथीला पाऊणपट करा, पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. नक्की वेळ मात्र भरती-ओहोटीच्या तक्त्यातच बघा, तोंडी हिशेब अर्धा-पाऊण तास सहज चुकतो. चढत्या पाण्यात वाळूला लागलात तर पाणीच होडी उचलतं. ओहोटीत लागलात तर पुढच्या भरतीपर्यंत बसा, आणि लाटा आडव्या आल्या तर उलटालच. ओहोटीचा ओढा बाहेर आणि वारा आत, अशा वेळी मुखावर लाटा उभ्या राहून फुटतात. तेव्हा बाहेर थांबायचं, घरी जेवण गार झालं तरी चालेल! पावसाळ्यानंतर वाळू सरकते, गेल्या वर्षीच्या वाटेवर विसंबू नका.

बाजूचं म्हणाल, तर अरुंद वाटेत प्रत्येकाने आपल्या उजव्या कडेने जायचं. मोठ्या बोटीला खोल पाण्याबाहेर वळता येत नाही, म्हणून लहानाने तिची वाट अडवायची नाही. बोये, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा, असतील तिथे, आत येताना लाल डाव्या हाताला, हिरवा उजव्या. वाटेत नांगर टाकणारे आमच्याकडेही आहेत, त्यांना काय बोलावं!

लाइफ जॅकेट फळीखाली कोंबू नका, अंगात घाला. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर फोनमध्ये ठेवा, फोन प्लास्टिकच्या पिशवीत.