गालाला सुई लावण्याआधी ती ट्यूब घेऊन या

प्रश्न : डॉक्टरताई, मी पारोळा तालुक्यातली, वय 46. घरची कपाशी आहे, वेचणीला मजूर बायांबरोबर मीही असते. तोंड रापलंय, गालावरून हात फिरवला की खरखरीत लागतं, वांगही आलेत. दोन वर्षं मेडिकलवरून आणलेली क्रीम लावते. आधी छान उजळले, आता एक दिवस जरी चुकली तरी आग होते. आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) आठ दिवसांनी मुलीचं लग्न आहे. पार्लरवाली म्हणते, तोंडाला इंजेक्शन घ्या, कातडी काचेसारखी होते. एका वेळचे साडेचार हजार, तीनदा. लिहायला लाज वाटते, पण लेकीच्या लग्नात चांगलं दिसावं असं वाटतं. घेऊ का?

उत्तर : ताई, लाज कशाची? मुलीचं लग्न आहे, आईने नटायचंच. पण पार्लरमध्ये इंजेक्शन घेऊ नका. कातडीत सुई गेली की ते डॉक्टरचं काम झालं.

आधी हे इंजेक्शन काय असतं ते सांगते. त्यात बहुतेक वेळा हायलुरॉनिक अ‍ॅसिड असतं. नावात अ‍ॅसिड असलं तरी ते भाजत नाही. आपल्या कातडीत, सांध्यांत, डोळ्यांत ते मुळातच असतं. कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी 1934 साली ते पहिल्यांदा वेगळं केलं तेही गायीच्या डोळ्यातून. पाणी धरून ठेवणं हे त्याचं काम. वयाने आणि उन्हाने ते कमी होतं, म्हणून गाल सुकल्यासारखे लागतात. आम्ही आधी बधिर करणारं मलम लावून अर्धा-पाऊण तास थांबतो, मग बारीक सुईने थेंब थेंब औषध कातडीत सोडतो. गालावर दादर ज्वारीच्या दाण्याएवढे फुगवटे उठतात, ते एक-दोन दिवसांत बसतात. कुठे कुठे काळं-निळं होतं, त्याला आठवडाभर लागतो. साधारण चार-चार आठवड्यांनी दोन-तीनदा केलं की कातडी मऊ, ओलसर लागते आणि ते काही महिने टिकतं. मात्र याने रंग उजळत नाही, वांग जात नाहीत, मुरुमांचे खोल खड्डे भरत नाहीत. काचेसारखी कातडी कुणी कबूल करत असेल तर त्या सिरिंजमध्ये नक्की काय आहे ते विचारा. गोरं करण्यासाठी ग्लुटाथिऑनही टोचतात. अमेरिकेत औषधांना मान्यता देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने गोरेपणासाठी एकाही इंजेक्शनला मान्यता दिलेली नाही.

माझ्याकडे एक मुलगी आली होती. पार्लरमध्ये ओठाच्या कडेला काहीतरी भरून घेतलेलं, त्याला तिसरा दिवस. वरच्या ओठापासून नाकपुडीपर्यंत कातडी जाळीसारखी निळसर झालेली आणि ठणका असा की रात्रभर झोप नाही. औषध रक्तवाहिनीत गेलं की पुढच्या भागाचं रक्त अडतं, तसं झालं होतं. फिलरमध्ये, म्हणजे ओठ-गाल भरायच्या घट्ट औषधात, हा धोका जास्त, पातळ औषधात कमी; पण डोळ्याची वाहिनी अडली तर दृष्टी जाते, म्हणून कमी धोकाही मी हलका धरत नाही. हायलुरॉनिक अ‍ॅसिड विरघळवणारं हायलुरोनिडेज नावाचं इंजेक्शन असतं. ते हाताशी असावं लागतं आणि तासांच्या हिशोबात द्यावं लागतं. तिने आणलेल्या बाटलीवर लेबलच नव्हतं. आम्ही जमेल ते केलं, तरी ओठावर खूण राहिली. त्या पोरीचं तोंड मला अजून आठवतं.

आता तुमच्या पत्रातली मला सर्वांत टोचलेली ओळ : ‘एक दिवस जरी चुकली तरी आग होते.’ ताई, त्या क्रीममध्ये स्टिरॉइड असण्याची दाट शक्यता आहे. माझ्या ओपीडीत बाया गाल धरून सांगतात, ‘‘मन्हं तोंड जळी राह्यनं.’’ पिशवीतून निघते ती अशीच ट्यूब, कधी शेजारणीने सुचवलेली, कधी दुकानातून मागितलेली. पहिले काही आठवडे चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होत जाते, लाल बारीक शिरा दिसू लागतात, बारीक पुळ्या येतात, ऊन सोसत नाही. 2018 साली सरकारने अशी 14 स्टिरॉइड मलमं अनुसूची ‘एच’मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. तरी ती मिळतात, याचा मला फार राग येतो.

अशा पातळ कातडीत सुई घातली तर काळं-निळं जास्त होईल, आणि आपल्या सावळ्या रंगाला सुईच्या जागी डागही राहू शकतात. म्हणून क्रीम स्टिरॉइडची निघाली तर या लग्नाआधी इंजेक्शन नको, हे स्पष्ट सांगते. ती एकदम बंदही करू नका, आग भडकेल. जिल्ह्याच्या ठिकाणच्या त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून हळूहळू सोडा. क्रीम साधीच निघाली, तर फाल्गुनात पहिली आणि चैत्रात दुसरी बैठक घेता येईल, पण शेवटची सुई आणि हळद यांत तीन-चार आठवडे हवेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, ओठावर जर म्हणजे तापासारखे फोड येत असतील, जखमेचा व्रण फुगत असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

दोन्ही बाबतीत आजपासून एवढं करा. साबण बंद, सौम्य फेसवॉश. तोंड ओलसर असतानाच साधं मॉइश्चरायझर. शेतात जाण्याआधी 30 किंवा जास्त एसपीएफचं सनस्क्रीन, दोन बोटांच्या लांबीएवढं, आणि दुपारच्या भाकरीच्या वेळी पुन्हा. रुमाल बांधता तो बांधाच, पण रोज धुतलेला. महिना-दीड महिन्यात खरखर बरीच कमी होते, हे मी वेचणीच्या बायांमध्येच पाहिलंय.

हळदीच्या दिवशी मुलीसोबत तुमच्याही गालाला कुणीतरी हळद फासणारच. तेव्हा विकतची रंगीत पूड नको, घरची दळलेली ठेवा, आणि आधी तोंडाला मॉइश्चरायझर लावून घ्या. आणि डॉक्टरांकडे जाताना ती ट्यूब रिकामी झाली असली तरी खोक्यासकट न्या. बारीक अक्षरातलं नाव वाचल्यावरच पुढचं ठरवता येईल.