हार्वेस्टरवरचा मुलगा आणि प्रिव्होल्नोयेचा गहू

प्रश्न : होळीनंतर देपालपूरजवळच्या आमच्या शेतात पंजाबहून आलेला हार्वेस्टर चालू असताना वडील म्हणाले की, सोव्हिएत संघाचे अखेरचे नेते मिखाईल गोर्बाचेव्ह लहानपणी असेच यंत्र चालवीत असत. नेत्यांच्या कष्टांच्या गोष्टी पुष्कळदा मागाहून रचलेल्या असतात, म्हणून विचारते : हे खरे आहे का? त्यांचे गाव कसे होते? आणि शेतकऱ्याच्या घरातला माणूस सत्तेवर आल्याने तिथल्या शेतकऱ्याचे काही भले झाले का?
– एक वाचिका, रामबाग, इंदूर

उत्तर : आपल्या वडिलांनी सांगितलेली गोष्ट खरी आहे. गोर्बाचेव्ह यांचा जन्म २ मार्च १९३१ रोजी दक्षिण रशियातील स्टाव्रोपोल प्रांतात, येगोर्लिक नदीकाठच्या प्रिव्होल्नोये या गावी झाला. तो सगळा प्रदेश सपाट, गवताळ आणि गव्हाचा. गावात रशियन आणि युक्रेनी अशी दोन्ही कुटुंबे होती. आपल्या माळव्यात गहू होळीच्या सुमारास कापणीला येतो, तिकडे शरदात पेरलेला गहू जून-जुलैत तयार होतो. वडील सेर्गेई हे सरकारी यंत्र-ट्रॅक्टर केंद्रावर कंबाइन, म्हणजे हार्वेस्टर, चालवीत. मिखाईल पंधराव्या वर्षापासून, म्हणजे १९४६ पासून, दर उन्हाळ्यात त्यांच्या हाताखाली काम करू लागले. यंत्राच्या नुसत्या आवाजावरून कुठे बिघाड आहे ते आपल्याला ओळखता येई, असे त्यांनी पुढे अभिमानाने लिहिले आहे. ज्याने अख्खा हंगाम हार्वेस्टरवर काढला आहे, त्याला हे वाक्य कुणा प्रचारकाने लिहून दिलेले वाटणार नाही.

याला कागदोपत्री आधारही आहे. १९४८ च्या हंगामात या बापलेकांच्या तुकडीने ८,८८८ सेंटनर धान्य काढले. एक सेंटनर म्हणजे शंभर किलो, अर्थात आपल्या मंडईतला नेमका एक क्विंटल, हे लक्षात घेतले म्हणजे छावणी मंडीत माल नेणाऱ्या माणसाला या आकड्याचे वजन लगेच कळेल. त्याबद्दल वडिलांना ऑर्डर ऑफ लेनिन हे सरकारी पदक आणि अवघ्या अठरा वर्षांच्या मुलाला श्रमाचा लाल निशाण सन्मान मिळाला.

मात्र गाव कसे होते, या आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या पदकांत नाही. ते दोन आजोबांच्या घरांत आहे, आणि मला तोच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वडिलांचे वडील आंद्रेई यांनी सामूहिक शेतात, म्हणजे कोलखोजमध्ये, सामील होण्याचे नाकारले आणि स्वतःची जमीन स्वतः कसली. सक्तीचे सामूहिकीकरण आणि सरकारने ओढून नेलेले धान्य यांमुळे १९३२-३३ मध्ये मोठा दुष्काळ पडला, त्यात त्यांची तीन मुले उपासमारीने गेली. घरात बियाणे उरले नाही, म्हणून नेमून दिलेली पेरणी झाली नाही, आणि या ‘गुन्ह्या’साठी १९३४ मध्ये त्यांना सैबेरियात इर्कुट्स्ककडे लाकूडतोडीला धाडण्यात आले. आईचे वडील पांतेलेई गोपकालो यांनी मात्र कोलखोज उभे करण्यात पुढाकार घेतला होता आणि ते त्याचे अध्यक्षही झाले होते. त्यांच्या घरी कोपऱ्यात देवादिकांच्या तसबिरी आणि त्यांखालच्या घरगुती मेजावर लेनिन व स्तालिन यांची चित्रे असत. त्यांनाही १९३७ मध्ये ट्रॉट्स्कीवादी, म्हणजे स्तालिनचा विरोधक ट्रॉट्स्की याचे अनुयायी, ठरवून पकडून नेले, तेव्हा शेजाऱ्यांनी त्या घराकडे फिरकणे सोडले आणि नातलग आले तरी रात्रीच्या अंधारात येत. १९३८ च्या डिसेंबरात सुटून आल्यावर त्या वृद्धाने मारहाणीची हकीकत घरच्यांना एकदाच सांगितली आणि पुन्हा कधीही तो विषय काढला नाही. ज्याने कोलखोज नाकारले तो शिक्षेस पात्र ठरला, आणि ज्याने उभारले त्याचीही सुटका झाली नाही. नातवाने हे दोन्ही पाहिले होते, म्हणून १९८५ मध्ये कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस, म्हणजे देशाचे सर्वोच्च नेते, झाल्यावर दडपलेल्या इतिहासाबद्दल मोकळेपणाने बोलण्याची मुभा त्यांनी दिली, ती मला केवळ राजकीय खेळी वाटत नाही.

आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना मन खट्टू होते. गोर्बाचेव्ह १९७० पासून स्टाव्रोपोलचे पक्षप्रमुख आणि १९७८ पासून मॉस्कोत शेतीचे जबाबदार सचिव होते, त्यामुळे शेतीची नाडी त्यांच्याइतकी सत्तेतल्या क्वचितच कुणाला ठाऊक असेल. त्या काळात एवढ्या काळ्या जमिनीचा धनी असलेला देश अमेरिका आणि कॅनडाकडून धान्य विकत घेत होता. त्यांनी १९८५ मध्ये शेतीची अनेक खाती एकत्र करून एक महाकाय खाते निर्माण केले, ते कुचकामी ठरले आणि १९८९ मध्ये मोडीत निघाले. जमीन भाडेपट्ट्याने कसू देण्याचा विचार पुढे आला, पण जिल्ह्याजिल्ह्यांतल्या अधिकाऱ्यांनी तो मनापासून राबवला नाही. ज्या विषयात ते सर्वांत जाणते होते, तिथेच ते सर्वांत कमी धाडसी राहिले, असे माझे मत आहे.

गावाच्या नावाविषयी आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. ‘प्रिव्होल्नोये’ या शब्दात मोकळी, ऐसपैस, बंधनरहित जागा असा अर्थ आहे. तिथल्या कोलखोजवरच्या शेतकऱ्याला मात्र देशांतर्गत पासपोर्ट मिळत नसे, आणि त्यावाचून शहरात जाऊन राहणे अवघड होते. सर्व ग्रामस्थांना तो देण्याचा निर्णय १९७४ मध्ये झाला. मिखाईल १९५० मध्येच कायदा शिकण्यासाठी मॉस्को विद्यापीठात गेले होते. आईवडील गावातच राहिले.