बर्फावर तासन्‌तास उभं राहूनही बदकाचे पाय का गोठत नाहीत?

गंमत अशी की बदक पाय गरम ठेवायच्या भानगडीतच पडत नाही. पायात उतरणाऱ्या गरम रक्ताच्या धमन्या आणि गार रक्त वर नेणाऱ्या शिरा अगदी खेटून असतात. खाली जाणारं रक्त आपली ऊब वाटेतच वर येणाऱ्या रक्ताला देऊन टाकतं. त्यामुळे पोटात ४० अंश सेल्सिअसच्या वर तापमान, पण पंजे गोठणबिंदूच्या जेमतेम वर! पंजात मुळात स्नायू फारसे नसतातच. हाडं आणि कंडरा (स्नायू हाडांना जोडणारे चिवट पट्टे), त्यांना गारठा चालतो.

आपलंही थोडंफार तसंच. मेंदूतला हायपोथॅलॅमस, म्हणजे शरीराचं तापमान सांभाळणारा भाग, आतल्या अवयवांची ऊब आधी जपतो, म्हणून थंडीत बोटांच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बोटं पांढरी पडतात. उन्हाळ्यात बदक उलटं करतं: त्याच उघड्या पायांत जास्त रक्त सोडून उष्णता बाहेर टाकतं.