1967 ची जुनी फोर्ड मस्टँग घ्यावी का, आणि इंजिन किती टिकते?

तुम्ही मिशिगनमध्ये राहता, 289 घनइंचांच्या इंजिनाची मस्टँग पाहून आला आहात आणि इंजिनाच्या भरवशाबद्दल विचारता आहात. माझ्या मते या गाडीत इंजिन ही शेवटी तपासायची गोष्ट आहे, आणि नेमक्या याच मुद्द्यावरून आमच्या साडूंशी माझा जुना वाद आहे.

आम्ही दोघे मिळून अशीच एक लालभडक कूपे (दोन दारांची गाडी) पाहायला गेलो होतो. विक्रेत्याने इंजिन सुरू केले आणि त्या आवाजावरच साडू भाळले. मी मात्र पुढच्या काचेखालच्या जाळीत तांब्याभर पाणी ओतले आणि गालिचा उचलून डॅशबोर्डखाली टॉर्च मारला, तेव्हा शेजारच्या सीटच्या बाजूला पाणी ठिबकत होते. त्या जाळीखाली एक बंद पन्हळ असते आणि तिच्यात हवा आत घेणारी दोन उभी तोंडे असतात. त्यांच्या मुळाशी पत्रा सडला की पावसाचे पाणी थेट पायाखाली उतरते. या गाडीला स्वतंत्र चासी नसल्यामुळे सडलेली फरशी म्हणजे सडलेला सांगाडाच होय, आणि ती पन्हळ दुरुस्त करायची तर पत्रे जोडणारे स्पॉट वेल्ड (ठिपक्यांसारखे जोड) एकेक करून उकलावे लागतात. विक्रेता म्हणाला, रबर बदलले की झाले! पुढे मी कोरड्या हवेच्या ॲरिझोनातली, उन्हाने रंग विटलेली पण खालून ठणठणीत असलेली गाडी घेतली. साडूंना अजूनही ती लालच बरी वाटते.

आता इंजिनाविषयी. 4.7 लिटरचे हे व्ही-8 दणकट आहे आणि त्याचे बहुतेक सुटे भाग आजही नवे मिळतात. अनेक इंजिनांत कॅमच्या (झडपा उघडणाऱ्या दांड्याच्या) चेनने फिरणाऱ्या टायमिंग चाकाला नायलॉनचे दाते असतात. ते तुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात, म्हणून चेन आणि चाके आधीच बदलून घ्यावीत. इथेनॉलमिश्रित पेट्रोलाने खराब होणाऱ्या जुन्या रबरी नळ्यांचेही तेच.

अर्थात, डिस्क ब्रेक वेगळे घेतलेले नसतील तर चारही चाकांना ड्रम असतात आणि ओल्या रस्त्यावर ते जपूनच दाबावे लागतात. ही गाडी रोज ऑफिसला न्यायची नव्हे आणि हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ पडू लागले की ती गॅरेजातच हवी, हे साडूंचे म्हणणे मला मान्य आहे, इंजिनाबद्दलचे नाही.