रांग सोडून ठाण्याला येऊ का?

पत्र इंग्लंडमधल्या लेस्टरहून आलंय. लिहिणाऱ्या ताई मूळच्या पाचपाखाडीच्या, वय 41. वजन 94 किलो, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 36, मधुमेह 2020 मध्ये निघाला. जीपीने (तिकडच्या फॅमिली डॉक्टरने) वजनाच्या क्लिनिककडे चिठ्ठी दिली त्याला सव्वा वर्ष झालं, अजून पहिली भेट नाही. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेची यादी त्याच्याही पुढची. मे महिन्यात त्या तीन आठवड्यांसाठी ठाण्याला येतायत आणि मावशीने इथल्या एका खासगी रुग्णालयात चौकशी करून ठेवली आहे. पैसे भरले की दहा दिवसांत तारीख. "रांग सोडून येऊ का? नवऱ्याला पसंत नाही, आईला तर अजून सांगितलेलंच नाही," असं त्या विचारतात.

ताई, तिकीट काढायच्या बेतात आहात म्हणून उत्तर आधी देते. या तीन आठवड्यांत करून घेऊ नका. शस्त्रक्रियाच नको, असं माझं म्हणणं नाही. तुमच्या वजनाला आणि साखरेला ती लागू पडण्याची चांगली शक्यता आहे, आणि ती मागण्यात लाज वाटावी असं काहीही नाही. "जरा तोंड आवर, रोज तलावपाळीला दोन फेऱ्या मार" हे तुम्ही वीस वर्षं ऐकलं असेल. तेवढ्याने भागलं असतं तर तुम्ही हे पत्र लिहिलंच नसतं.

पण मला वाटतं तुम्ही चुकीच्या रांगेत उभ्या आहात, आणि हे तिकडे कुणी तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही. इंग्लंडमध्ये यासाठी नाइस या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत; उपचार कुणाला कसे द्यावेत हे ती सांगते. सर्वसाधारण अट बीएमआय 40, किंवा 35च्या पुढे आणि सोबत वजनामुळे वाढणारा एखादा मोठा आजार. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांसाठी हे आकडे 2.5 ने खाली धरावेत, असं त्यातच लिहिलंय, कारण आपल्याकडे मधुमेह आणि हृदयविकार कमी वजनावरच गाठतात. तुमच्यासाठी त्याहून महत्त्वाचं कलम वेगळंच आहे. टाइप 2 मधुमेह गेल्या दहा वर्षांत निघालेला असेल आणि बीएमआय 35 किंवा जास्त असेल, तर शस्त्रक्रियेसाठीचं मूल्यमापन लवकर करून द्यावं. बाकीचे सगळे उपाय आधी करून झालेच पाहिजेत, ही अट तिथे नाही. वजनाच्या क्लिनिकची देखरेख मात्र सोबत हवीच.

तुम्ही यात सरळ बसता. म्हणून जीपीकडे जाऊन नेमके शब्द वापरा: 'एक्स्पिडायटेड असेसमेंट', म्हणजे हेच लवकरचं मूल्यमापन. मधुमेह कोणत्या वर्षी निघाला ते चिठ्ठीत लिहून घ्या. ही तत्त्वं म्हणजे कायदा नव्हे आणि प्रत्येक भागाचं धोरण थोडं वेगळं असतं, त्यामुळे नकार आला तर कारण लेखी मागा. इंग्लंडमध्ये तज्ज्ञाच्या पहिल्या भेटीसाठी कुठल्या रुग्णालयात जायचं हे निवडायचा हक्क रुग्णाला आहे. लेस्टरमध्ये रांग लांब असेल तर दुसऱ्या शहरातली किती आहे ते विचारा. आपली माणसं तिथे भिडेपोटी गप्प बसतात. डॉक्टरला उलट काय विचारायचं, असं वाटतं. विचारायचं. हा पैसा तुमच्याही करातून गेलेला आहे.

आता तीन आठवड्यांबद्दल. माझी धाकटी बहीण कॅल्गरीला असते. तीही अशीच यादीला कंटाळून इकडे आली, स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया) करून घेतली आणि बाराव्या दिवशी विमानात बसली. ऑपरेशन नीट झालं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हातात जे डिस्चार्ज कार्ड मिळालं त्यावर चार ओळी होत्या. तिकडच्या डॉक्टरांनी विचारलं, जठर किती ठेवलंय, कोणते स्टेपल वापरले, गोळ्या कोणत्या चालू आहेत? रुग्णालयाला मी तीनदा फोन केला, दोनदा स्वतः जाऊन बसले, पूर्ण कागद मिळाला नाही. ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या तिने वर्षभरात सोडल्या, कारण आठवण करून देणारं कुणी नव्हतं. मग पायाला मुंग्या येऊ लागल्या. बी-12 तळाला गेलं होतं. अजूनही जिना उतरताना ती कठडा धरते. ती इकडे आल्यावर मंगल कार्यालयातल्या जिन्यावर तिला तशी उतरताना पाहिलं की मला त्या चार ओळींचा कागद आठवतो.

ऑपरेशन दीड-दोन तासांचं असतं, त्याची देखभाल जन्मभराची. एनएचएस, म्हणजे तिकडची सरकारी आरोग्यसेवा, स्वतः शस्त्रक्रिया करतं तेव्हा निदान दोन वर्षं त्यांचाच चमू तुमच्यावर लक्ष ठेवतो आणि पुढे दरवर्षी रक्ततपासणी होते: लोह, बी-12, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम. बाहेरून करून आलात तर तातडीचा त्रास ते पाहतील, पण हा नेहमीचा फॉलोअप मिळेलच असं धरून चालू नका. तुमच्या बाबतीत साखरही आहे. शस्त्रक्रियेनंतर वजन उतरायच्या आधीच, काही दिवसांत साखर खाली येऊ लागते, आणि मधुमेहाच्या औषधांची मात्रा लगोलग बदलावी लागते. शिवणीतून गळती किंवा पायात रक्ताची गुठळी हे धोके पहिल्या काही आठवड्यांतले असतात. नऊ-दहा तासांचा मुंबई-लंडन प्रवास नेमका त्यातच पडायला नको.

एवढं सगळं करूनही तिकडून नकार आला आणि ठाण्यातच करायचं ठरलं, तर दोन-अडीच महिन्यांची रजा काढून या. ऑपरेशनआधी साधारण दोन आठवडे यकृत आकसण्यासाठी कमी खाण्याचा आहार असतो. नंतर दोन आठवडे पातळ, मग घोटलेलं, मग मऊ. फॉलोअप करायला जीपी तयार आहे का, हे निघण्याआधी लेखी घ्या. ऑपरेशनचा पूर्ण अहवाल इंग्रजीत मिळेल, अशी हमी पैसे भरण्याआधी घ्या, नंतर नव्हे. घरातल्या डब्यातली आयब्युप्रोफेनची गोळी मात्र तोंडात टाकू नका. जठराच्या बायपासनंतर (यात अन्नाची वाटच वळवतात) तिने अल्सर होऊ शकतो.

मावशी म्हणतील, इथला विमा काढून ठेव. उपयोग नाही. आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं, आणि वजनाच्या शस्त्रक्रियेसाठी आपल्या विमा नियामकाची अट बीएमआय 40, किंवा 35 आणि सोबत आटोक्यात न येणारा मधुमेह वगैरे, शिवाय साधे उपाय फसलेले असले पाहिजेत. वजन आणि साखर उतरवणारं माउंजारोचं इंजेक्शन 2025 च्या मार्चपासून भारतात मिळतं, पण सुट्टीत सुरू करून तिकडे गेल्यावर बंद करणार असाल तर सुरूच करू नका.

आईला सांगा. तिच्यापासून लपवून तिच्याच घरात महिनाभर ताकाचे घोट घेत बसणं जमणार नाही, आणि भेटायला येणारी प्रत्येक बाई डबा घेऊनच येणार. "पोट कापून घेतेस?" असं ती घाबरून म्हणेल. तेव्हा तिला साखरेचे आकडे दाखवा, वजनाचे नको. पुढे वरणाचं पाणी गाळणं, मुगाची डाळ शिजवून घोटून देणं, पनीर कुस्करून देणं, हे तिच्याइतक्या मायेने कुणी करणार नाही, आणि तुमच्यासारख्या शाकाहारी बाईला दिवसाची साठ-एक ग्रॅम प्रथिनं पुरवणं हे तेव्हा रोजचं कामच होऊन बसेल.

आणि मेच्या सुट्टीच्या तारखा क्लिनिकला आजच कळवा. त्यांचं भेटीच्या तारखेचं पत्र लेस्टरच्या दारात पडून राहिलं आणि भेट चुकली, तर नाव परत जीपीकडे जाऊ शकतं आणि सव्वा वर्ष पाण्यात. येताना जीपीच्या चिठ्ठीची प्रत सोबत आणा. मी नौपाड्यातच राहते. एका सकाळी या, आईलाही घेऊन या. चिठ्ठीत मधुमेहाचं वर्ष लिहिलंय का ते आपण मिळून वाचू.