अर्जुनाची नावं आणि सायरन

प्रिय मनवा,

परवा तळघरात एमाच्या देखत तू विचारलंस, "आई, तुझ्या त्या अर्जुनाच्या नावांनी टॉर्नेडो वळतो का?" एमा हसली नाही, तू हसलीस. तेच जरा लागलं. मी नुसतं 'नाही' म्हणाले, कारण रेडिओवर आपल्या काउंटीचं नाव चाललं होतं.

उत्तर अजूनही 'नाही'च आहे. आपल्याच कॅन्ससमधलं ग्रीन्सबर्ग. ४ मे २००७ च्या रात्री त्या गावातला जवळजवळ ९५ टक्के भाग आडवा झाला. देवाचं नाव घेणारी माणसं तिथेही असणारच. पण सायरन वेळेत वाजला आणि लोक तळघरात उतरले, म्हणून पुष्कळजण वाचले.

लहानपणी आमच्याकडे सायरन नव्हता, आजी होती. वैशाखात दुपार कलली की आभाळ भरून यायचं, धुळीचे लोट उठायचे, आणि ती ओरडायची, "वाळवणं उचला आधी!" अर्धवट ओल्या कुरडया आम्ही साडीसकट गोळा करून आत आणायचो. त्या एकमेकींना चिकटायच्या आणि मग वर्षभर कढईत गठ्ठेच्या गठ्ठे फुलायचे. छपराच्या पत्र्यांवर दगड ठेवलेले असत. पत्रा वाजू लागला की आजी सगळ्या पोरांना माजघरात कोंबायची आणि वीज कडाडली की म्हणायला लावायची: अर्जुन, फाल्गुन, जिष्णू, किरीटी, श्वेतवाहन... तात्यामामा दरवेळी बीभत्सूला अडायचा, की पुन्हा पहिल्यापासून. ती स्वतः मात्र म्हणत नसे. तिचे डोळे वर, पत्र्याकडे. पोरांनी रडू नये म्हणून तिने आम्हाला कामाला लावलं असेल, किंवा तिचा खरंच विश्वास असेल. विचारलं असतं तर पाठीत धपाटा बसला असता.

वावटळ दिसली की आम्ही तर तिच्यात शिरायला धावायचो. (हे खरं तर तुला सांगू नये.) पण ती फार तर कुणाची टोपी उडवणार. इथलं प्रकरण वेगळं. मेक्सिकोच्या आखाताकडची दमट हवा, रॉकी डोंगरांकडची कोरडी, आणि वर चढावं तसा दिशा बदलणारा वारा, हे तू मला शिकवावंस एवढं तुला येतं. एप्रिल लागला की माझ्या पोटात गोळा येतो, तो मात्र कुठल्या पुस्तकातला नाही.

ती नावं तू म्हटलीच पाहिजेस असं मुळीच नाही. बाबा कुठे म्हणतात? ते फोनवर रडार बघत बसतात. तोही एक जपच म्हणायचा. मी म्हणेन, हळू आवाजात. एमा असली तर मनातल्या मनात... नाही, तेवढं नको. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

आणि हो, सायकलचं हेल्मेट अजून गॅरेजमध्येच आहे. ते आणि जुने बूट आजच तळघरात नेऊन ठेव. काचांमधून चप्पल घालून चालता येत नाही.

तुझी आई